मळवलीच्या लोकलने लोहगड: गाड्यांच्या आधी वर, गाड्या येईस्तोवर खाली

लोहगडावर गर्दी होते ती साधारण सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत, आणि जवळजवळ सगळी चाकांवर बसून येते. भाज्यातून लोहगडवाडीला चढणारा घाटरस्ता अरुंद आहे. शनिवार-रविवारी, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, त्या रस्त्यावर गाडीला गाडी लागते आणि वर पार्किंगला जागा उरत नाही. त्याच दिवशी पहाटेच्या पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरून पायी निघालेला माणूस साडेनऊ-पावणेदहाला गडाच्या शेवटच्या दारात, महादरवाजात, असतो आणि तेव्हा वर मोजकी डोकी दिसतात. म्हणून या परीक्षणात गडाइतकीच जागा लोकलला आणि पायी वाटेला दिली आहे. गडावर शांतता मिळणार की नाही हे त्यांच्यावरच ठरते.

आधी लोकल. पुण्याहून लोणावळ्याच्या अलीकडचे शेवटचे स्टेशन म्हणजे मळवली. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. पुणे स्टेशनपासून सव्वा तास धरावा. तिकीट इतके स्वस्त आहे की या सहलीत चहा-पोह्यांचा खर्च त्याहून जास्त होतो. पहाटे पाच ते साडेसहाच्या दरम्यान सुटणारी गाडी धरा. वेळापत्रक अधूनमधून बदलते, त्यामुळे आदल्या रात्री एकदा पाहून घ्या. सुरुवातीला पिंपरी-चिंचवडचे कामगार असतात, पण तळेगावानंतर डबा मोकळा होतो आणि खिडकी मिळते. परतीचे तिकीट पुण्यातच काढून ठेवा. मळवली लहान स्टेशन आहे, रविवारी संध्याकाळी खिडकीसमोरची रांग गाडी चुकवायला पुरेशी असते.

दोन गोष्टी नवख्यांना ठाऊक नसतात. पहिली, लोकलमध्ये शौचालय नसते. घरून किंवा पुणे स्टेशनवर उरकून निघा, नंतरची नीट सोय थेट लोहगडवाडीत. दुसरी, या मार्गावर दुपारच्या वेळी लोकल फार विरळ असतात. सकाळी उशिरा एक गाडी सुटली की पुढची थेट दुपार कलल्यावर, असे अंतर पडते. 'बाराला उतरू आणि मिळेल ती पकडू' असा बेत केला तर मळवलीच्या बाकावर दोन-अडीच तास जातात. पुढचे सगळे गणित या खिंडाराभोवतीच बसवले आहे.

मुंबईकरांसाठी हा बेत थोडा वेगळा होतो. इंद्रायणी किंवा डेक्कन एक्सप्रेस लोणावळ्याला थांबते, मळवलीला थांबत नाही. तिथून पुण्याकडे जाणारी लोकल पकडून एक स्टेशन पुढे यावे लागते. लोकलची वेळ जुळत नसेल तर लोणावळ्याहून रिक्षा. इंद्रायणी पहाटेची आहे, तरी गडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत दहा वाजून जातात, म्हणजे नेमकी गर्दीची वेळ. मुंबईहून येणाऱ्यांनी शक्यतो आठवड्याचा मधला वार निवडावा. रविवारच मोकळा असेल तर लोहगड सोडून शेजारचा विसापूर धरावा. त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

मळवलीला उतरल्यावर लोहगड दक्षिणेला. उत्तरेकडे गेलात तर जुना मुंबई–पुणे रस्ता आणि कार्ल्याची लेणी लागतील. रूळ पादचारी पुलावरूनच ओलांडा. या मार्गावर न थांबणाऱ्या जलद गाड्या सारख्या धावतात आणि वळणामुळे लांबून दिसत नाहीत. स्टेशनातून बाहेर पडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाज्याचा रस्ता. रमतगमत पंचवीस मिनिटे. स्टेशनबाहेर रिक्षा असतात, त्या लोहगडवाडीपर्यंतही नेतात. गुडघे कुरकुरत असतील तर रिक्षा घ्या, त्यात कमीपणा नाही. पण भाव आधी ठरवा आणि परतीची रिक्षा वर मिळेलच असे धरू नका.

भाजे गावात चहा-पोहे मिळतात. इथेच खाऊन घेणे शहाणपणाचे, कारण पुढचा तासभर चढ आहे. मळवलीची उंची साधारण सव्वासहाशे मीटर आणि लोहगडाचा माथा १,०३३ मीटर. म्हणजे चढाई जेमतेम चारशे मीटरची आणि त्यातली निम्म्याहून जास्त डांबरी रस्त्यावर. सिंहगडाची आतकरवाडीची वाट चढणाऱ्याला ही फार सोपी वाटेल. अवघड आहे ते अंतर. मळवली ते गडमाथा आणि परत मळवली मिळून चौदा-पंधरा किलोमीटर होतात. एरवी चालण्याची सवय नसलेल्यांना इथे दम लागत नाही, पण परतीच्या उतारावर पोटऱ्या आणि अंगठ्याची नखे बोलायला लागतात. म्हणून बूट अर्धा आकार मोठे असावेत आणि मोजे जाड.

भाज्यापासून रस्ता वळणे घेत चढतो. डाव्या हाताला विसापूरचा लांबच लांब कडा, समोर उजवीकडे लोहगड. काही वळणे जुन्या पायवाटांनी तोडता येतात. कोरड्या ऋतूत त्या चांगल्या आहेत. पावसाळ्यात मात्र रस्ताच धरा, कारण गवत वाढले की वाट आणि गुरांच्या पायाखालची पट्टी यांतला फरक कळत नाही. मार्चपासून पुढे या टप्प्यावर सावली फारशी नाही आणि साडेनऊनंतर डांबर तापते. चालण्याच्या दृष्टीने अख्ख्या दिवसातला हाच सगळ्यात नीरस भाग आहे. सकाळी नऊच्या आत उरकला तर त्याचा त्रास होत नाही. अकराला निघाल्यास याच भागात लोक वैतागतात, वर शेजारून हॉर्न वाजवत जाणाऱ्या गाड्यांचा धूर.

चढ संपतो तिथे गायमुख खिंड. उजवीकडे लोहगडवाडी आणि लोहगड, डावीकडे विसापूर. भाज्यापासून इथवर तास-सव्वातास. लोहगडवाडीत घरगुती खानावळी आहेत. एक सूचना: वर जातानाच पिठलं-भाकरी सांगून ठेवा आणि उतरण्याची वेळ द्या. आयत्या वेळी मागितल्यास भाकऱ्या थापून होईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि रविवारी तर बसायलाही जागा नसते. पैसे रोख ठेवा. खिंडीत मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे स्कॅन करून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका.

वाडीतून पायऱ्या सुरू होतात. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि शेवटी महादरवाजा अशी चार दारे एकामागून एक, नागमोडी वाटेवर. खालून चढताना सगळी वाट वरच्या तटाच्या माऱ्यात राहते. बांधणाऱ्यांचा हेतू तोच होता, आणि आजच्या कोंडीचे कारणही तेच. चढायला आणि उतरायला ही एकच वाट आहे आणि दरवाजांशी ती इतकी आवळते की दोन्ही बाजूंनी माणसे आली की कोणालाच हलता येत नाही. शत्रूला अडवायला केलेली रचना रविवारी पर्यटकांना अडवते. भर पावसाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी या पायऱ्यांवर अडकणे गमतीचे नाही. ओला दगड, शेवाळ, मागून रेटा आणि मध्येच सेल्फीसाठी थांबलेले टोळके. दुपारी दरवाजात गर्दी साठलेली दिसली तर वर रेटण्याचा हट्ट न करता खालीच थांबा.

सकाळी मात्र हीच वाट या सहलीचा कळस आहे. पाऊण तास सावकाश चढा. नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधला. त्याच्याजवळ भात आणि नाचणी साठवण्याचे भुयार आहे, बहुतेक जण न पाहताच पुढे जातात. हनुमान दरवाजा या चौघांत सगळ्यात जुना. वरच्या वळणावर थांबून खाली पाहिले की चढून आलेली वाट एकाखाली एक अशी उलगडते. याचे छायाचित्र सगळेच घेतात, पण माणसांशिवाय ते मिळते नऊ-साडेनऊपर्यंतच. पायऱ्यांवर माकडे असतात. हातात खाण्याची पिशवी धरू नका, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात बिस्किटे ठेवू नका, आणि त्यांना खायला तर अजिबात घालू नका.

माथ्यावर दर्गा, लक्ष्मीकोठी, महादेवाचे मंदिर आणि सोळा कोनांचे मोठे तळे. पण वेळ राखून ठेवा तो विंचूकाट्यासाठी. गडाच्या पश्चिमेला सुमारे १,५०० मीटर लांब आणि अवघी ३० मीटर रुंद अशी ही डोंगराची सोंड. गडावरून पाहिली की विंचवाची नांगी का म्हणतात ते सांगावे लागत नाही. तिथे जाताना एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. कोरड्या दिवसांत दोन्ही हात मोकळे असले की सहज जमतो. पावसात तिथे शेवाळ असते आणि घसरण्याचे प्रकार नेमके तिथे होतात: एका हातात फोन, पायात सपाट तळाचे बूट, तोंड खाली करून उतरणे. कातळाकडे तोंड करा, तीन टेकू पक्के ठेवून चौथा हलवा. धुके असेल तर सोंडेवर जाऊच नका. जोराचा वारा आणि दोन्ही बाजूंना कडा, शिवाय धुक्यात दिसत काहीच नाही. स्वच्छ दिवशी पवना धरणाचे पाणी, त्यापलीकडे तुंग आणि तिकोना, मागे विसापूर असे सगळे एका फेरीत दिसते. जाऊन येऊन तास धरा.

पिण्याचे पाणी वर नाही. तळ्यांतले पाणी पिण्याजोगे नाही. हिवाळ्यात माणशी दोन लिटर, मार्चपासून तीन. वर दोन-चार जण ताक, लिंबू सरबत, काकडी घेऊन बसतात, पण सकाळी लवकर पोचणाऱ्याला ते भेटतीलच असे नाही. सावली तटाची आणि दरवाजांची, तेवढीच. टोपी विसरू नका.

इतिहासात ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी थोडेसे. शिवाजी महाराजांनी १६४८ मध्ये हा गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत जिंकला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले त्यांत लोहगड आहे. माहितीचे फलक बरे आहेत, तरी घरून थोडे वाचून गेलात तर दगड जास्त बोलतील.

आता विसापूर. लोहगडापेक्षा उंच आहे, १,०८४ मीटर, आणि माथा कितीतरी मोठा. तरीही माणसे तुरळक. कारण साधे आहे: वरपर्यंत आयत्या पायऱ्या नाहीत आणि खाली वाहनतळालगत वाट सुरू होत नाही. शांतता हीच अट असेल तर पहिली पसंती विसापूरला द्यावी. गायमुख खिंडीतून डावीकडे वळून कड्याच्या पोटातून, झाडीतल्या पायवाटेने जायचे आणि पुढे एका घळीतून जुन्या दगडी पायऱ्यांनी वर. पावसाळ्यात या घळीतून ओढा वाहतो, म्हणजे तुम्ही अक्षरशः धबधब्यातून चढता. हौशी लोक त्यासाठीच येतात. पण पाण्याचा जोर अचानक वाढतो, आणि पायऱ्यांचे दगड जागोजागी सुटलेले आहेत. वर पावसाची मोठी सर आली आणि पाणी गढूळ झाले की तडक मागे फिरायचे, हा नियम पाळावा. झाडीत वाट चुकण्याचे प्रकारही याच टप्प्यात होतात: गुरांच्या वाटा अनेक, खुणा कमी. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. पाच मिनिटे चालूनही वाट मळलेली दिसेना तर पुढे न रेटता शेवटच्या नक्की खुणेपाशी परत या.

वर लांबलचक तटबंदी, पाण्याची टाकी, मारुती, तोफ, पडके वाडे आणि दगडी जाते. हे जाते चुना दळण्याचे, आकाराने माणसाला लाजवणारे. विसापूरच्या तटावरून लोहगड खाली दिसतो, आणि १८१८ चा मार्च महिना इथे उभे राहिल्यावर लगेच समजतो. इंग्रजांनी ४ मार्चला विसापूर घेतला, वरून मारा होणार हे ओळखून दुसऱ्या दिवशी लोहगड सोडून देण्यात आला. विसापूरचे दोन्ही दरवाजे इंग्रजांनी पाडले, म्हणूनच तिथे दरवाजांचे भग्न अवशेषच पाहायला मिळतात.

दोन्ही गड एका दिवसात होतात का? होतात, पण पहाटेची पहिली गाडी, डिसेंबर-जानेवारीची हवा आणि चालायची सवय, तिन्ही असतील तर. मग लोहगड आधी उरकून खिंडीतून विसापूर चढा आणि पलीकडे पाटण गावाकडून मळवलीला उतरा, म्हणजे त्याच डांबरी रस्त्याची उजळणी टळते. एरवी एकच गड करा आणि उरलेला वेळ भाज्याच्या लेण्यांना द्या.

लेणी परतीच्या वाटेवरच पाहावीत. सकाळी लवकर गेलात तर तिकीटखिडकी उघडलेली नसते आणि तिथे थांबण्यात गडावरचा शांत तास वाया जातो. भारतीयांना तिकीट २५ रुपये. गावातून पायऱ्या चढून पंधरा-वीस मिनिटे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली ही २२ लेणी. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, मूळच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. दगडात लाकूडकाम बसवण्याची ती रीत पाहिल्याशिवाय परत फिरू नका. उजवीकडे थोडे पुढे चौदा स्तूपांचा समूह. आणखी पुढे एकोणिसाव्या लेण्यात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखले जाणारे शिल्पपट. बरेच लोक चैत्यापाशी छायाचित्र काढून परततात आणि हे राहूनच जाते. पावसाळ्यात लेण्यांशेजारचा धबधबा गावातली सगळी गर्दी ओढून घेतो. तेव्हा दुपारी दोननंतर लेण्यांत आवाज फार असतो.

वेळेचा हिशेब असा बसतो. सहाच्या आसपासची लोकल, सव्वासातला मळवली, पावणेआठला भाजे आणि पोहे, नऊला खिंड, पावणेदहाच्या आत महादरवाजा, अकराला विंचूकाट्यावरून परत, बाराला वाडीत पिठलं-भाकरी. त्या वेळी गाड्या वर चढत असतात आणि तुम्ही उतरत असता. दीड वाजता लेणी, पावणेतीनच्या सुमारास स्टेशन. दुपारचे खिंडार तोवर संपत आलेले असते. लोकलभाडे, लेण्यांचे तिकीट, दोनदा खाणे धरून माणशी अडीचशे-तीनशे रुपयांत दिवस निघतो. पुण्यातून चारचाकीच्या पेट्रोल-टोलशी तुलना करत बसायची गरज नाही.

या व्यवस्थेतला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे रविवारची संध्याकाळची लोकल. लोणावळ्यातच ती चिक्कीच्या पिशव्यांसकट भरून निघते आणि मळवलीला दारात लटकण्याइतकीच जागा उरते. गाडी मिनिटभरही धड थांबत नाही. पाच-सहा जणांचा गट असेल तर फलाटावर विखरून वेगवेगळ्या डब्यांसमोर उभे राहा, सगळे एकाच दाराशी घुसू नका. लहान मुले किंवा वयस्कर बरोबर असतील तर उलट दिशेची लोकल पकडून लोणावळ्याला जा आणि तिथूनच पुण्याची गाडी बसून धरा. या फेरीचे तिकीट वेगळे काढावे लागते, अर्धा-पाऊण तास जास्त जातो, पण घरापर्यंत बसायला मिळते. चारच्या आधीची गाडी मिळाली तर हा खटाटोप लागत नाही.

कधी जावे? ऑक्टोबरचा उन्हाचा कडका ओसरल्यावर फेब्रुवारीपर्यंत, मंगळवार ते गुरुवार. सप्टेंबरअखेरीस पठारांवर सोनकी पिवळी फुललेली असते, तेव्हाचा मधला वार सगळ्यात देखणा. जुलै-ऑगस्टला जाणार असाल तर आदल्या दिवशी बातम्या पाहा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन मावळातल्या पर्यटनस्थळांवर वेळेचे आणि प्रवेशाचे निर्बंध लावते आणि पोलीस भाज्यातूनच परत पाठवतात. एप्रिल-मे टाळाच.

गुण द्यायचेच तर: जाण्याची लोकल पाचापैकी साडेचार, परतीची रविवारी दोन आणि इतर दिवशी चार. भाजे ते खिंड हा डांबरी टप्पा अडीच. लोहगडाची दरवाजांची वाट सकाळी नऊला पाच, दुपारी एकला एक. विसापूर कोरड्या ऋतूत पाच. पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवली असेल तर पाच.